घोडेगाव फाट्यावरचं विमान

कोइंबतूर,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. रेश्मास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकीट आलंय म्हटल्यावर आधी हात लावला नाही. आजकाल पोस्टानं येतं ते कोर्टाचं नाहीतर बँकेचं. वर तुझं अक्षर दिसलं तेव्हा जीव खाली बसला. तू लिहितेस ते खरंय, फोनवर आपल्याला दोन शब्द धड बोलता येत नाहीत. फोन वाजला की आई स्पीकर लावते, आबा टीव्ही बारीक करतात, आणि आपल्या घराला दारच नाही म्हटल्यावर समोरची कडूबाई मावशी तिच्या ओट्यावरून मध्ये तोंड घालते. मागं मी तुला विमानाचं काय ठरलं असं विचारलं, तर तुझ्या आधी उत्तर तिनंच दिलं. शिंगणापुरात चोरी होत नाही हे लई चांगलं, पण गुपितही टिकत नाही. तेव्हा पंकजाच्या झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता तू दिलास ते बेस झालं. तिला म्हणावं, पाकीट उघडलंस तर घोडेगावच्या बाजारात तुझ्या नावाची दवंडी देईन.

आता मुद्द्याचं. हनुमंतमामानं फॉर्म भरलेल्या त्या ट्रस्टच्या परीक्षेत तू बसलीस आणि विमान शिकायची जागा मिळाली, सगळा खर्च त्यांचा. तिकडं रेल्वेच्या इंजिनावर सहायक ड्रायव्हर म्हणूनही तुझी निवड झाली. दोन्हीकडं मार्चअखेर हो की न्हाई ते कळवायचंय. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. तुझ्या डिप्लोमातलं मला ओ का ठो कळत नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगतो, विमानच घे. डोळे झाकून घे.

मी इथं काय करतो ते तुला कधी नीट सांगितलं नाही. पहिलं वर्ष पेट्या चढवल्या. आता विमान मागं ढकलणाऱ्या ट्रॅक्टरबरोबर चालतो. चाकांचे ठोकळे काढायचे. पुढच्या चाकापाशी लाल फीत बांधलेली एक पिन असते, ती उपसायची, लांब जाऊन उभं राहायचं आणि ती पिन वर धरून कॅप्टनला दाखवायची. वर काचेमागून कॅप्टन हात करतो. तोवर एवढं मोठं विमान जागचं हलत नाही. रेश्मे, मी सुरतला हॉटेलात राहिलो, पोकलेनवर राहिलो, कुठं चार महिने टिकलो नाही. इथं टिकलो तो त्या एका हातासाठी. रोज मनात येतं, त्या काचेमागं तू असावीस, मी खालून पिन दाखवावी आणि तू ओळख न दाखवता हात करावास.

रेल्वेचं इंजिन मात्र नको. कारण विचारू नकोस.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
आदिनाथ


शनिशिंगणापूर,
ता. २० फेब्रुवारी २०२५

ती. आदिनाथदादास,
सा. न. वि. वि.

पंकजानं पाकीट उघडलं नाही, पण उजेडात धरून पाहिलं असं तिनंच सांगितलं. आईचा गुडघा तसाच आहे. शनिवारच्या गर्दीत आबांचा दुधाचा टेम्पो दोन तास अडकतो आणि मग ते सबंध रविवार कोणाशी बोलत नाहीत. बाकी सगळं ठीक.

तू पिनेचं लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. म्हणून आता माझं लिहायला भीती वाटते.

दादा, मी विमानात बसले. घरी सांगितलं नाही, कारण आईनं उपास धरला असता. ट्रस्टनं निवडलेल्या मुलींना बारामतीकडं एका शाळेत नेलं होतं, मामा सोबत होते. दोन माणसांचं एवढुसं विमान, आपल्या टेम्पोपेक्षा हलकं. शिकवणाऱ्या सरांनी थोडा वेळ माझ्या हातात दिलं. तुला वाटेल मी घाबरले, तर नाही. सर मामांना म्हणाले की मुलीचा हात शांत आहे. खाली उसाचे चौकोन, शेततळी, रस्त्यावरून मुंगीसारखं काहीतरी चाललेलं. सगळं सुंदर होतं. पण खाली एकही तोंड दिसत नव्हतं. उतरल्यावर मला काही वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मामा आनंदानं रडले आणि मी त्यांना पाणी देत उभी राहिले.

इंजिनाचं वेगळं झालं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्हाला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये नेलं होतं ते तुला माहीत आहे. तिथं मी त्या खुर्चीवर बसले होते, इंजिन तर उभंच होतं. तरी मला वाटलं की मागं काहीतरी आहे. झोपलेली माणसं, कांद्याची पोती, कोणाचं लग्नाचं सामान. ते सगळं आपण ओढत न्यायचं. तुला हसू येईल. तुला वळायला आवडतं, तू सहा गावं आणि सात धंदे वळलास. मला वळायचं म्हटलं की घाम फुटतो. मला रूळ आवडतात. एवढंच मला माझ्याबद्दल कळतं, आणि एवढ्यावर आयुष्य ठरवावं का, हे कळत नाही.

घरात कोणाला विचारू? आईचं म्हणणं, दोन्हीपैकी ज्यात रोज संध्याकाळी जेवायला घरी येता येईल ते घे. आबांना विचारलं तर ते म्हणाले की आधी गोठ्यातला बल्ब बदल. मामांनी तर नेवाशात सगळ्यांना विमान सांगून ठेवलंय. मला झोप लागत नाही.

आणि तू कारण विचारू नकोस म्हणालास म्हणून विचारते. इंजिन का नको? तू कोइंबतूरहून घरी येतोस तो तीन बस बदलून येतोस, पाय सुजवून. रेल्वेनं दौंडपर्यंत झोपून येता येतं असं आबा दर दिवाळीला सांगतात आणि तू दर दिवाळीला विषय बदलतोस. आम्ही त्यावरून तुला हसतो. आता मला हसू येत नाही.

राग आला तरी लोभ तेवढाच ठेवावा.

तुझी,
रेश्मा


कोइंबतूर,
ता. २ मार्च २०२५

चि. रेश्मास,
अ. आ. वि. वि.

मला बस आवडते. खिडकीला बसलं की वारा लागतो, वाटेत कुठंही उतरून चहा पिता येतो. यात कसलं आलंय कारण? तू उगा वकिलासारखी उलटतपासणी घेऊ नकोस.

इंजिन नको म्हणजे ते काम पोरीबाळींचं नाही म्हणून नव्हे. तसं मी म्हणणार नाही, तू मला ओळखतेस. धूळ लई, वेळेला जेवण नाही, कुठल्या गावी झोपावं लागेल पत्ता नाही. इथल्या कॅप्टन बाया बघ, चाकाची बॅग ओढत येतात, इस्त्रीचा शर्ट, कोणाची हिंमत नाही तोंडाला तोंड द्यायची. तुझा हात शांत आहे असं तो शिकवणारा म्हणाला ना? मग देवानं आणखी काय चिठ्ठी पाठवावी?

तू ठरवायला लागलीस की ठरवतच बसतेस. दहावीनंतर कुठली लाइन घ्यायची यावर तू महिनाभर उन्हात बसून विचार केला होतास आणि शेवटी ताप आला. या खेपेला मी तुझा ताप वाचवायचं ठरवलंय. लांब आहे म्हणून काय झालं, भाऊ आहे. एक छोटी गोष्ट केलीये. शुक्रवारी बाजाराला जाशील तेव्हा फाट्यावर मान वर करून बघ, म्हणजे कळेल. मग मला शिव्या दे नाहीतर पेढे पाठव.

मार्च लागला. लवकर हो कळवून टाक ट्रस्टला. तू कळवलंस हे ऐकेपर्यंत माझ्या घशाखाली इडली उतरत नाही, आणि इथं दुसरं काही मिळत नाही.

थोरामोठ्यांना नमस्कार. ओढ आहे तशी राहू दे.

तुझा दादा,
आदिनाथ


शनिशिंगणापूर,
ता. ८ मार्च २०२५

दादास,
नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. त्याआधी काल शुक्रवारी तुझी छोटी गोष्ट बघून झाली. ती बारा फुटी आहे.

घोडेगाव फाट्यावर, जनावरांच्या बाजाराला वळतात तिथं, बरोबर कोपऱ्यात. माझा दहावीच्या ओळखपत्रावरचा दोन वेण्यांचा फोटो, त्यावर फ्लेक्सवाल्यानं चिकटवलेली कॅप्टनची टोपी आणि माझ्या डाव्या कानातून निघालेलं विमान. शिंगणापूरची शान, वैमानिकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक मोठा बंधू आदिनाथ व समस्त मित्रमंडळ. मित्रमंडळात तू आणि तो फ्लेक्सवाला, आणखी कोण आहे रे? बाजाराचा दिवस, तीन तालुक्यांतली माणसं. एका म्हशीच्या व्यापाऱ्यानं मला ओळखून विचारलं की ताई, वरून आमचा बाजार दिसतो का. पंकजा हसत होती, मग माझा चेहरा बघून मला हाताला धरून पुढं घेऊन गेली.

हसण्यावारी नेता आलं असतं, दादा. पण आबा तिथं होते.

डेअरीवरून येताना त्यांनी टेम्पो थांबवला म्हणे. बाजार समितीच्या माणसांनी त्यांना तिथंच खुर्चीवर बसवलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. आपल्या आबांना, ज्यांना आजवर लग्नातसुद्धा कोणी पुढं बोलावलं नाही. ते घरी आले ते टोपी घालूनच. जेवताना आईनं काढायला सांगितली तर म्हणाले की असू दे, थोडा वेळ. त्या टोपीनिशी ते जेवले. भाकरी मोडताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात बघितलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

आता मी काय करू ते सांग. मी तुला याच आठवड्यात लिहिणार होते की माझं ठरलंय, मी रेल्वेला हो म्हणणार. डोळ्यांची तपासणीसुद्धा झाली, पास झाले. तू मला विचारलं नाहीस. तू स्वतः कोणाच्या सांगण्यावरून कधी कुठं थांबला नाहीस, आणि मला मात्र बारा फुटी कापडावर बांधून टाकलंस. आता नाही म्हणायचं तर ते तुला नाही, मामांना नाही, ती टोपी आबांच्या डोक्यावरून काढायची. ते मला जमेल असं वाटत नाही. बहुतेक मी विमानच घेईन, आणि आयुष्यभर तुझ्याकडं बघून हात करीन.

पण निदान खरं सांग. वारा आणि चहा सांगू नकोस. एवढी घाई तू स्वप्नासाठी केली नाहीस. तू घाबरून केलीस. कशाला घाबरलास?

यापुढं लोभाचं काय लिहायचं ते तुझ्या उत्तरावर.

रेश्मा


कोइंबतूर,
ता. १४ मार्च २०२५

चि. रेश्मास,
अ. आ. वि. वि.

चुकलं माझं. फ्लेक्सवाल्याला फोन केला, तो म्हणतो महिन्याचं ठरलंय, आधी काढला तर गावात चर्चा होईल. आबांच्या टोपीचं वाचून मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. आज इथं धुळवडीचं काही नाही, सगळे कामावर. मी पाळी बदलून घेतली आणि हे लिहितोय. कोणाला सांगू नकोस, आईला तर मुळीच नको.

तुला आठवतं का, सुरतेच्या आधी मी एका ठेकेदाराच्या गॅंगमध्ये गेल्तो? परभणीच्या पुढं, एका लाइनीशेजारी दुसरी लाइन टाकायचं काम. जेवण पटत नाही म्हणून सोडून आलो असं मी घरी सांगितलं. जेवण चांगलं हुतं. आमच्यात कल्याण म्हणून एक पोरगा होता, पाथर्डीकडचा. माझ्याएवढाच. चालता चालता शीळ घालायचा, मुकादम ओरडला की जास्त मोठ्यानं घालायचा. आम्ही दोघं एकाच डब्यात जेवायचो.

त्या दिवशी गाडी यायची म्हणून शिट्टी झाली, आम्ही सगळे बाजूला झालो. कल्याणही झाला. मग त्याला दिसलं की आमचा डबा पलीकडं खडीवर राहिलाय. तो गेला, आणला, आणि परत येताना त्या गाडीच्याच रुळावर होता. तिथं वळण होतं आणि वारा उलटा. ड्रायव्हर लांबून भोंगा देतच होता, ते नंतर सगळ्यांनी सांगितलं. ब्रेकही लावला होता. पण रेश्मे, ती गाडी थांबत नाही. कोणी कितीही लावला तरी तिला थांबायला लांब जावं लागतं, आणि बाजूला तर तिला होताच येत नाही. समोर माणूस दिसतोय, आपण सगळं केलंय, आता करण्यासारखं काही उरलं नाही, आणि बघत राहायचं. विमान वळतं, टेम्पो वळतो. त्या ड्रायव्हरला वळता येत नाही.

पुढचं न्हाई लिहीत. कल्याण राहिला नाही.

पण ज्याच्यासाठी लिहितोय ते हे. गाडी पार पुढं जाऊन उभी राहिली, आणि तो ड्रायव्हर खडीवरून चालत मागं आला. आबांच्या वयाचा, चष्मा लावलेला. हातात पाण्याची बाटली. आम्ही त्याला मारू असं त्याला वाटलं असेल, तरी आला. खाली बसला, कल्याणचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजायला बघितलं.  मग उठला. मागं गाडीत माणसं बसलेली, त्याला ती पुढं न्यायचीच होती. तो बाटलीला झाकण लावायला गेला तर त्याला ते लागेना. हात असे थरथरत होते की झाकण गोलगोल फिरायचं आणि खाली पडायचं. शेवटी मी लावून दिलं. तो माझ्याकडं बघत राहिला आणि गेला.

मी तिथून निघालो तो आजवर रेल्वेत बसलो नाही. बसायचं म्हटलं की वाटतं, पुढं तो बसलाय. आणि तू निवड झाल्याचं सांगितलंस तेव्हापासून पुढं तो दिसत नाही, तू दिसतेस. तुझ्या हातात ती बाटली दिसते. झाकण लावून द्यायला मी तिथं नसणार.

म्हणून केलं. आता तू ठरव. पण मला कळव, काहीही असलं तरी.

जीव लावलायस तो तसाच ठेव.

आदिनाथ


कोइंबतूर,
ता. २४ मार्च २०२५

चि. रेश्मास,
आ. वि. वि.

दहा दिवस झाले. काल फोन केला तर आई म्हणाली की तू रानात गेलीस. आबांना द्यायला सांगितलं तर ते टेम्पो धुतायत म्हणे. भर दुपारी टेम्पो कोण धुतं? आईचा आवाज नेहमीसारखा नव्हता. कडूबाई मावशीसुद्धा मध्ये बोलली नाही, तेव्हा तर माझं काळीजच हललं.

काल इथं मी ठोकळा काढायला विसरलो. सुपरवायझर वेळेत बघून ओरडला म्हणून निभावलं. एका ओळीचं पत्र टाक. रागाचं असलं तरी चालेल. मी ते लिहायला नको होतं का? त्यानं तुझी झोप आणखी उडाली का?

वाट बघतोय.

दादा


शनिशिंगणापूर,
ता. २७ मार्च २०२५

ती. आदिनाथदादास,
सा. न. वि. वि.

आधी माझा अपराध. तू कोणाला सांगू नकोस म्हणालास आणि मी आबांना सांगितलं. सांगितलं नाही, तुझं पत्रच वाचून दाखवलं. मी गोठ्यात बसून वाचत होते, डोळे पुसत होते, आणि आबा बल्ब बदलायला आले. आपल्याकडं दार नाही, दादा. बल्ब हातात तसाच धरून ते माझ्यासमोर उभे राहिले. मग मी पहिल्यापासून वाचलं. झाकणापर्यंत आल्यावर ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले की म्हणून पोरगं बसनं येतं व्हय.

त्यानंतर दोन दिवस ते भर दुपारी टेम्पोच धूत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मला टेम्पोत बसवून डेअरीला नेलं, आणि वाटेत बोलले. आबा एवढं सलग बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, पस्तीस वर्षं रस्त्यावर आहे, माणूस आडवा आला की गाडी सोडून पळणारेच ड्रायव्हर पाहिले. लोक मारतात म्हणून पळतात, त्यांचाही दोष नाही. पण चालत मागं आलेला आजच ऐकला. मग टेम्पो कडेला घेतला. आणि मग मला विचारलं की तुला पळावंसं वाटेल का मागं यावंसं वाटेल. मी म्हणाले की मला माहीत नाही, आबा. ते म्हणाले की माहीत आहे असं म्हणाली असतीस तर मी तुला पाठवलं नसतं.

दादा, तू लिहिलंस ते वाचून मला आधी वाटलं की संपलं, आता विमान. रात्रभर तेच. भीती गेली नाही, अजून आहे, हे लिहितानाही आहे. पण पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा मला कल्याणच्या आधी तो चष्म्याचा माणूस दिसायला लागला. मी विमानातून खाली बघितलं तेव्हा एकही तोंड दिसत नव्हतं, ते मला नको होतं, आणि ते का नको होतं हे मला तुझ्या पत्रानं कळलं. त्या खुर्चीवर कोणीतरी बसणारच आहे. ज्याला भीती वाटते असं माणूस तिथं बसलेलं बरं. मी रेल्वेला हो कळवलं.

आता फ्लेक्सचं ऐक. काल आबांनी शिडी घेतली आणि भर दिवसा स्वतः चढून तो उतरवला. खाली माणसं जमली, विचारायला लागली. आबांनी वरूनच सांगितलं की पोरगी रेल्वे चालवणार आहे, विमानाला दुसरी मिळाली. टोपी डोक्यावरच होती, काढली नाही. मामा रुसून नेवाशाला गेलेत. पण ती जागा राहुरीच्या स्नेहलला गेली, माझ्या मागचाच नंबर तिचा. माझ्यामुळं जागा सुटली म्हणून तिचे वडील मामांना हार घालायला गेले, तेव्हा रुसवा फार टिकेल असं वाटत नाही.

फ्लेक्स कांद्याच्या चाळीवर टाकलाय. विमान उलटं, चाकं आभाळात. आई म्हणते, एवढं जाड कापड पैसे देऊनही मिळालं नसतं, आदिनाथला म्हणावं की पुढच्या वर्षी आणखी एक कर. ती माझ्याशी नीट बोलत नाही, पण डबे भरायला घेतलेत. तुझं तिला अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग, बसशील तेव्हा तिच्याजवळ.

माझ्यावर रागावलास का, ते नक्की लिही. लोभ मागत नाही, तो माझा हक्काचा आहे.

तुझी,
रेश्मा


भुसावळ,
ता. २१ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं मिळाली. तिन्हींत एकच प्रश्न, हात कसे आहेत. म्हणून आज सविस्तर लिहिते.

इथल्या ट्रेनिंगचे वर्ग संपले. आता चालत्या गाडीत इंजिनात मागं उभं राहून शिकायचं असतं. पुढं ड्रायव्हर आणि त्यांचा सहायक. इथली एक रीत सांगते. सिग्नल दिसला की एकानं हात लांब करून रंग मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं तोच पुन्हा मोठ्यानं सांगायचा. दोघांना दिसतोय, तरी. तीस तीस वर्षं गाडी चालवलेली माणसं पहिलीतल्या पोरांसारखी हिरवा, हिरवा असं एकमेकांना ओरडून सांगतात. पहिल्या दिवशी मला हसू आलं. आता रात्री झोपेतही माझा हात वर होतो, बाजूच्या कॉटवरची मुलगी सांगते.

आणि दुसरी गोष्ट. लाइनीवर गॅंग काम करत असली की लांबून भोंगा द्यायचा. ते बाजूला होतात, गाडीकडं तोंड करून उभे राहतात आणि हात वर करतात. कळलं, दिसलात, या. तुझ्या पिनेसारखंच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तू आठवलास.

मंगळवारी एका वळणावर सगळ्यांनी हात वर केले आणि एक जण पाठमोराच होता. वाकून काहीतरी उचलत होता. ड्रायव्हर साहेबांनी भोंगा धरून ठेवला, दुसरा हात ब्रेकवर गेला. मी मागं उभी, करण्यासारखं काही नाही. तू लिहिलं होतंस तसंच, दादा, अगदी तसंच. मग कोणीतरी त्याला ओढलं. तो वळला, आमच्याकडं बघितलं आणि हात वर केला. डोक्याला लाल पंचा होता. बाजूनं गेलो तेव्हा त्याचे दात दिसले, हसत होता.

पुढच्या स्टेशनात मी पाणी प्यायले आणि मला झाकण लागेना. दोनदा खाली पडलं. साहेबांनी ते उचललं, पुसलं, लावून दिलं आणि काही न बोलता सिग्नलकडं हात केला. मी रंग सांगितला. आवाज निघाला.

तर हात असे आहेत. लपवायचं नाही असं ठरलंय म्हणून लिहिलं. इथं झाकण लावून देणारं माणूस शेजारी असतं. एकटं कोणालाच सोडत नाहीत.

दिवाळीला मला सुट्टी नाही. आईला अजून सांगितलं नाही, तू सांग. माझ्या वाटच्या चकल्या तुझ्या.

आठवणीत ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
रेश्मा


कोइंबतूर,
ता. ५ ऑक्टोबर २०२५

चि. रेश्मास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र विमानाखाली उभं राहून वाचलं, मग रूमवर, मग पुन्हा. लाल पंचेवाला हसत होता हे तू लिहिलंस ते बरं केलंस. ते नसतं तर मी आज कामावर गेलो नसतो. त्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि मग त्याच्यासाठी हात जोडले.

त्या साहेबांना माझा नमस्कार सांग. कोण म्हणून विचारलं तर सांग की झाकण लावणाऱ्यातला आहे.

चकल्या मला नकोत. आईला सांगून डबा मीच घेऊन येतो. दिवाळीला चार दिवस आधी निघतोय. दौंडला उतरीन, तिथून नगर, मग घरी आबांच्या टेम्पोनं. पाडवा झाला की मनमाडवरून तुझ्याकडं भुसावळला. हे सगळं वाचून तुझ्या ध्यानात आलं असेल. तिकीट रेल्वेचं काढलंय. खालची बर्थ मिळाली. तिकिटाच्या खिडकीवर दोन तास रांगेत उभा होतो आणि नंबर आल्यावर कुठं जायचंय ते तोंडातून निघेना. मागचा माणूस ढोसायला लागला तेव्हा कुठं बोललो.

झोप लागेल असं वाटत नाही. लागली नाही तर जागा राहीन. वळणावर भोंगा ऐकू आला की मला कळेल की पुढं कोणीतरी रंग सांगतंय आणि दुसरं कोणीतरी तोच पुन्हा सांगतंय. बाहेर गॅंग दिसली तर आतून मीही हात वर करीन. डब्यातली माणसं येडा म्हणतील, म्हणू देत.

आईला कल्याणचं अजून काही बोललो नाही. फोनवर नको, तिथं कडूबाई मावशी असते. ओसरीत तिच्या गुडघ्याला तेल लावता लावता सांगीन म्हणतो. पाय सुजले नाहीत ते बघून ती आधी विचारीलच.

पोचल्यावर कळवतो. तोवर एक कर, भोंगा जरा जास्तच वेळ धरत जा.

तुझाच,
दादा